विचारलं तेव्हा ४२ सेकंद उलटून गेले होते

ताई,

माझं वय ४३. गेली नऊ वर्षं मी एकाच डॉक्टरांकडे जाते. माणूस चांगला आहे, म्हणूनच हे पत्र लिहिणं जड जातंय.

गेल्या महिन्यात झोप लागत नाही म्हणून त्यांच्याकडे गेले. टेबलावर एक मोबाइल आडवा ठेवलेला होता. मी बसले, त्यांनी "कशा आहात?" एवढंच विचारलं आणि मला रडूच फुटलं. मग ते म्हणाले, "हे आपलं बोलणं ऐकून नोंदी करतं, एआय आहे, चालेल ना?" मी नाक पुसत "हो हो" म्हटलं. सहज पाहिलं तर स्क्रीनवरचा टायमर ४२ सेकंदांवर होता.

पुढे मी सगळं बोलून गेले. धाकटा भाऊ चार महिन्यांपासून आमच्याकडे राहतोय, रोज पितो, त्याच्या येण्याची वाट बघत मी रात्री जागी असते. त्याचं कर्ज मी माझ्या बचतीतून फेडतेय, नवऱ्याला ते माहीत नाही. झोपेची गोळी एकाऐवजी कधी कधी दोन घेते. खरं सांगू, इतकी वर्षं डॉक्टर की-बोर्डकडे बघत ऐकायचे, त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे बघत ऐकलं. बरं वाटलं.

संध्याकाळी भेटीचा सारांश मेसेजवर आला, तोही नवऱ्याच्या मोबाइलवर. नऊ वर्षांपूर्वी नाव नोंदवताना त्यांचाच नंबर दिला होता. चारच ओळी होत्या: "तक्रार: निद्रानाश. मद्यपान: रोज. आर्थिक ताण: भावाचं कर्ज फेडणे. चार आठवड्यांनी पुन्हा भेट." म्हणजे पिणारी मी झाले! नवरा काही बोलला नाही. मोबाइल माझ्यापुढे ठेवला आणि बाहेर निघून गेला. मी तो सारांश जसाच्या तसा एका चॅटबॉटमध्ये टाकून विचारलं की विम्यावर काय परिणाम होईल. त्याने लांबलचक उत्तर दिलं आणि मी आणखी घाबरले.

मीच हो म्हटलं होतं, मग आता तक्रार करायचा मला हक्क आहे का? हे पुसून टाकता येतं का? आणि पुढच्या वेळी "नको" म्हटलं तर डॉक्टर दुखावतील का?

— जागी


प्रिय जागी,

आधी त्या ४२ सेकंदांबद्दल बोलू. तुम्ही ते ओघात लिहून गेलात, पण तुमच्या पत्राचा जीव तिथेच आहे.

डॉक्टरांनी विचारलं तेव्हा यंत्र सुरू झालेलं होतं. याला परवानगी मागणं म्हणत नाहीत, कल्पना देणं म्हणतात. आणि "चालेल ना?" हा तरी काय प्रश्न झाला? त्यातल्या "ना"मध्येच उत्तर भरून ठेवलेलं असतं. समोर नऊ वर्षांच्या ओळखीचा माणूस, त्याच्याच हातात आपलं औषध, डोळ्यांत पाणी, बाहेर ताटकळलेले लोक. अशा वेळी "नको" म्हणायला माणूस वेगळ्याच मातीचा लागतो. मी तरी त्या मातीची नाही. मागच्याच वर्षी एका दवाखान्यात रिसेप्शनवरच्या मुलीने टॅबलेट पुढे केला, मी बोटाने सही केली, आणि कशावर केली ते घरी आल्यावर काही केल्या आठवेना. लोकांना सल्ले देणारी ही बाई!

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हक्क आहे. "हो" म्हटल्यानंतरही आहे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संमतीला पाच विशेषणं लावली आहेत: ती मोकळेपणी दिलेली हवी, नेमक्या कामापुरती हवी, माहिती घेऊन दिलेली हवी, बिनशर्त हवी आणि निःसंदिग्ध हवी. या कायद्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होताहेत, पण मोजपट्टी म्हणून ती विशेषणं आजही वापरता येतात. युरोपचा डेटा संरक्षणाचा कायदा, जीडीपीआर, २५ मे २०१८ पासून लागू आहे. तो म्हणतो की संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं असलं पाहिजे. आता ही मोजपट्टी तुमच्या "हो हो"ला लावून पाहा. आवाज कुठे जाणार, किती दिवस राहणार, नको म्हटलं तर काय, यातलं काहीच तुम्हाला सांगितलं नव्हतं. जे माहीतच नाही त्याला माणूस हो कसं म्हणेल? तुम्ही डॉक्टरांना हो म्हटलंत. त्या मोबाइलला नाही.

पण एक गाठ इथेच सोडवते, नाहीतर तुम्ही भलत्याच मुद्द्यावर भांडाल. डॉक्टरांनी तुमच्या तब्येतीची नोंद ठेवणं हे त्यांचं कामच आहे, आणि त्यासाठी बऱ्याच देशांत वेगळी संमती लागत नाही. अमेरिकेतला आरोग्याच्या माहितीबद्दलचा १९९६ चा हिपा कायदाही उपचारासाठी माहिती वापरताना रुग्णाची वेगळी सही मागत नाही. दवाखान्याने बाहेरच्या कंपनीला ती माहिती दिली तर तिच्याशी गोपनीयतेचा लेखी करार मात्र हवाच. पण त्याच अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, खासगी संभाषण रेकॉर्ड करायचं असेल तर त्यात बोलणाऱ्या सगळ्यांची संमती लागते. लिहून ठेवणं वेगळं आणि आवाज धरून ठेवणं वेगळं. तुमचं भांडण आवाज धरून ठेवण्याशी आहे.

ही यंत्रं नेमकं काय करतात ते सांगते, म्हणजे कुठे बोट ठेवायचं ते कळेल. मोबाइलचा माइक खोलीतलं बोलणं उचलतो आणि ते बहुतेक वेळा इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर जातं. तिथे एक प्रणाली आवाजाची अक्षरं करते आणि कोणतं वाक्य डॉक्टरांचं, कोणतं रुग्णाचं याचा अंदाज बांधते. मग दुसरी प्रणाली त्या लांबलचक मजकुरातून डॉक्टरी पद्धतीची नोंद तयार करते: तक्रार, तपासणी, निदान, पुढचा बेत. डॉक्टरांनी ती वाचायची, सुधारायची आणि मग सही करायची. म्हणजे तुमच्या एका भेटीतून तीन वस्तू जन्माला आल्या: आवाज, शब्दशः मजकूर आणि नोंद. तुम्हाला दिसली ती फक्त तिसरी, तीही चार ओळींत चेपलेली. पहिल्या दोन कुठे आहेत ते विचारा. काही कंपन्या नोंद तयार झाली की आवाज पुसतात, काही तो ठरावीक दिवस ठेवतात. काहींच्या करारात तुमचं बोलणं त्यांची प्रणाली सुधारायला वापरण्याची मुभा असते. हे दवाखान्याने केलेल्या करारात लिहिलेलं असतं. डॉक्टरांनी तो करार वाचलेला असेलच असं नाही, पण तो त्यांच्या दवाखान्याने केलाय.

"नाव काढून टाकतो हो आम्ही" असं कोणी म्हटलं तर लगेच निर्धास्त होऊ नका. नोंदीतून ओळख पुसायची तर कोणत्या गोष्टी काढायच्या याची १८ कलमांची यादी हिपाच्या नियमांत आहे. त्यात नाव आहे, फोन नंबर आहे, आणि बोटांच्या ठशांबरोबर आवाजाचा ठसाही आहे. आवाजावरचं नाव खोडलं तरी आवाज तुमचाच राहतो. रडवेला असला तर जास्तच.

आता डॉक्टरांची बाजू. ती तुम्हीच लिहिलीत: पहिल्यांदा माझ्याकडे बघत ऐकलं. हे क्षुल्लक नाही. २०१६ मध्ये अमेरिकेत एका अभ्यासात ५७ डॉक्टरांच्या कामाचा वेळ मोजला, तेव्हा रुग्णासमोरच्या दर तासामागे जवळजवळ दोन तास संगणकावरच्या नोंदी आणि टेबलावरच्या कामात जात असल्याचं दिसलं. तो कंटाळा, ते पाठमोरं बसणं, रात्री घरी बसून उरलेल्या नोंदी पुऱ्या करणं, यांतून सुटका म्हणून ही यंत्रं आली, आणि डॉक्टरांनी ती अक्षरशः झडप घालून घेतली. कॅलिफोर्नियातल्या पर्मनेन्टे मेडिकल ग्रुपने २०२३ च्या ऑक्टोबरात असं साधन सुरू केलं, तर दहा आठवड्यांत ३,४४२ डॉक्टरांनी ते ३ लाख ३ हजारांवर भेटींत वापरलं. तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला फसवायला तो मोबाइल ठेवला नव्हता. त्यांना तुमच्याकडे बघायचं होतं. फक्त त्याची किंमत तुमच्या खात्यावर पडतेय हे सांगायचं राहिलं.

आता ते "मद्यपान: रोज".

इथे मला थोडं माझं पुराण लावू द्या. या सदराच्या कितीतरी आधी मी मेडिकल ट्रान्स्क्रिप्शनचं काम करायचे. कानाला हेडफोन, पायाखाली पेडल, डॉक्टरांनी डिक्टेट केलेली फीत. पेडल दाबलं की आवाज चालतो, टाच टेकली की थोडा मागे जातो. "फिफ्टीन" की "फिफ्टी", "हायपो" की "हायपर", यासाठी एकच सेकंद मी पंधरा-पंधरा वेळा ऐकलाय. आमच्या सुपरवायझर बाईंचा नियम एकच होता: ऐकू आलं नाही तर जागा रिकामी सोडा, वेळ लिहून ठेवा, डॉक्टरांना विचारू. अंदाजाने शब्द भरलेला सापडला की त्या पान परत पाठवायच्या, आणि पुढचे दोन दिवस आपण त्यांच्या नजरेला नजर द्यायची नाही. माझ्या पहिल्या महिन्याच्या कामात अक्षरांपेक्षा रिकाम्या रेघाच जास्त होत्या. त्या रेघांची मला लाज वाटायची. नंतर कळलं, डॉक्टरांचा विश्वास त्या रेघांवरच होता.

यंत्राला रेघ सोडायची सवय नसते. पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, यावर ते चालतं. त्यामुळे जिथे काही नाही तिथेही ते काहीतरी सफाईदार लिहून मोकळं होतं. व्हिस्पर नावाची आवाजाची अक्षरं करणारी एक प्रसिद्ध प्रणाली आहे. २०२४ मध्ये काही अमेरिकी विद्यापीठांतल्या संशोधकांनी ती तपासली, तेव्हा सुमारे १ टक्का ध्वनिफितींच्या मजकुरात कोणीही न बोललेली आख्खी वाक्यं सापडली. त्या मनाच्या वाक्यांपैकी ३८ टक्के अपाय करू शकतील अशी होती: हिंसेचे उल्लेख, खोटे संबंध, असलं. आणि बोलण्यात शांततेच्या जागा जास्त असलेल्या माणसांच्या बाबतीत हे जास्त होत होतं. थांबून बोलणारे, शब्द न सापडणारे. हुंदके देत बोलणाऱ्यांचा त्यांनी वेगळा विचार केला नव्हता, पण मला तेच आठवले.

तुमच्या बाबतीत घडलं ते याच्याही पुढचं आणि जास्त फसवं आहे. शब्द बरोबर ऐकले गेले, फक्त चिकटले भलत्याला. "रोज पितो" हे भावाचं वाक्य. नोंदीचा साचा रुग्णाचा, त्यात मद्यपानाचा रकाना, रकाना भरायला दारूचा उल्लेख मिळाला, भरला. असली चूक वाचताना खटकत नाही, कारण वाक्य धडधाकट असतं. बेताल वाक्यावर डॉक्टरांची नजर अडखळली असती. यावर नाही अडखळली, आणि सही झाली. सही यंत्राची नसते. त्यामुळे ही चूक डॉक्टरांची आहे, आणि हे त्यांना सांगताना तुम्ही अपराधी आवाज काढायचं काही कारण नाही.

आणि आता ते, ज्यासाठी मी तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्या चार ओळींत गोळ्या कुठे आहेत? झोपेची गोळी कधी कधी दोन घेते, असं तुम्ही डॉक्टरांना सांगितलंत. त्या अख्ख्या भेटीत औषधाच्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट ती होती आणि तीच सारांशात नाही. म्हणजे तुम्ही न घेतलेली दारू कागदावर आहे आणि घेतलेली गोळी कागदावर नाही. पुढे कुणी दुसरा डॉक्टर, समजा भूल देणारा, हा कागद बघून काही ठरवेल तेव्हा दोन्ही बाजूंनी चुकेल. पूर्ण नोंदीत गोळ्यांचा उल्लेख असेलही. मेसेज हा नोंदीचाही सारांश असतो. पण ते गृहीत धरू नका. हे पत्र वाचून झालं की दवाखान्यात फोन करा आणि गोळ्यांचं डॉक्टरांना स्वतः सांगा. रेकॉर्डिंगचं भांडण उद्या केलं तरी चालेल.

मग पूर्ण नोंदीची प्रत मागा. भारतातल्या डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यायची असतात. युरोपात आणि अमेरिकेतही प्रत मिळण्याचा हक्क कायद्यातच आहे. प्रत हातात आली की पेन्सिल घेऊन बसा आणि दोनच गोष्टी शोधा: जे मी बोलले नाही ते, आणि जे बोलले पण आलं नाही ते.

पुसून टाकण्याचं म्हणाल, तर आवाज आणि शब्दशः मजकूर पुसायची मागणी जरूर करा, लेखी करा, आणि पुसल्याचं लेखी कळवा असंही लिहा. नोंद मात्र सहसा पुसली जात नाही, आणि ते आपल्याच भल्याचं आहे. आज डॉक्टरांना नोंद गायब करता आली, तर उद्या त्यांच्या चुकीचा पुरावाही गायब करता येईल. नोंद दुरुस्त होते: मूळ मजकूर दिसत राहतो आणि खाली तारीख घालून लिहिलं जातं की अमुक उल्लेख रुग्णाचा नसून नातेवाइकाचा होता. दुरुस्तीचा हक्क मी वर सांगितलेल्या भारताच्या २०२३ च्या कायद्यात, जीडीपीआरमध्ये आणि हिपात, तिन्हींत आहे. हिपाच्या नियमांत दवाखान्याला उत्तर द्यायला ६० दिवसांची मुदत आहे, कारण सांगून ती एकदा ३० दिवसांनी वाढवता येते. तुमच्या डॉक्टरांना ६० मिनिटंही लागू नयेत. विम्याची धास्ती वाटते ना, तिच्यावर उतारा हाच. दुरुस्ती आत्ता झाली तर ती दुरुस्ती ठरते. विम्याचा दावा नाकारला गेल्यावर केली, तर तिला सारवासारव म्हणतील.

भावाचाही विचार करा. तो त्या खोलीत नव्हता, त्याला कुणी विचारलं नाही, आणि त्याचं पिणं, त्याचं कर्ज एका कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन बसलं. दवाखान्यात आपण कधी एकट्याचं बोलतो का? आईचा मधुमेह, नवऱ्याचा राग, मुलाचं अबोल होणं, सगळं गाठोडं घेऊनच बसतो. डॉक्टरांनी ते ऐकून मनात ठेवायचं आणि कामाचं तेवढंच लिहायचं, ही जुनी रीत आहे. जागतिक वैद्यक संघटनेच्या १९४८ च्या जिनिव्हा प्रतिज्ञेत रुग्णाने विश्वासाने सांगितलेली गुपितं जपण्याचं वचन आहे, आणि १९६८ मध्ये त्यात "रुग्णाच्या मृत्यूनंतरही" असे शब्द घातले गेले. मोबाइलला मनात ठेवणं जमत नाही. त्याला सगळं ऐकून सगळं ठेवायचंच माहीत.

कंपन्या सांगतात तशी ती माहिती सुरक्षित असेलही. पण मला फिनलंड आठवतं. वास्तामो नावाच्या मानसोपचार केंद्रांच्या नोंदी चोरीला गेल्याचं २०२० च्या ऑक्टोबरात उघड झालं. सुमारे ३३,००० रुग्ण. आधी कंपनीकडे खंडणी मागितली आणि मग थेट रुग्णांना मेल गेले: पैसे द्या, नाहीतर तुम्ही थेरपिस्टला काय सांगितलंत ते जगाला सांगू. २०२४ मध्ये त्या हॅकरला सहा वर्षं तीन महिन्यांची शिक्षा झाली. कंपनी त्याआधीच दिवाळखोरीत गेली होती. यात एआय कुठेच नव्हतं, साध्या टाइप केलेल्या नोंदी होत्या. त्यांच्या जोडीला प्रत्येकाचा आवाज असता तर काय झालं असतं, याचा विचार मी फार वेळ करत नाही.

जाता जाता तुमच्या त्या चॅटबॉटबद्दल. रागावू नका, पण डॉक्टरांनी तुम्हाला न विचारता जे केलं तेच तुम्हीही स्वतःच्या हाताने केलंत, भावाचं कर्ज एका दुसऱ्या कंपनीला सांगितलंत. दवाखान्यावर निदान वैद्यकीय गोपनीयतेचं बंधन असतं. आपण आपणहून एखाद्या सर्वसाधारण चॅटबॉटला सांगतो तेव्हा ते बंधन बहुतेक ठिकाणी लागूच होत नाही. तो संवाद पुसून टाका, आणि सेटिंगमध्ये आपलं बोलणं प्रणाली सुधारायला वापरू देण्याचा पर्याय असतो तो बंद करा. पुढे विचारायचंच झालं तर नाव, तारीख, नातं काढून विचारा. विम्यावर काय परिणाम होईल ते त्याला माहीत नव्हतं, म्हणूनच उत्तर एवढं लांबलं.

पुढच्या भेटीत नकार द्यायचा तो खुर्चीत बसण्याआधी द्या. एकदा बसलं, बोलणं सुरू झालं, की आपण पाघळतो, हे आता दोघींना माहीत आहे. दारातच म्हणा, "डॉक्टर, आज ते बंद ठेवून बोलूया." कारण देऊ नका. कारण दिलं की समोरचा त्याचं निरसन करायला लागतो: "अहो, एकदम सुरक्षित आहे हो." मग आपण सुरक्षिततेवर वाद घालत बसतो, आणि मुद्दा तो नसतोच. अर्धं चालत असेल तर तसंही सांगता येतं: रक्तदाब, झोप, औषधं बोलून झाली की "आता जरा थांबवा, घरचं बोलायचंय." थांबवायची सोय नसेल तर मोबाइल खोलीबाहेर ठेवायला सांगा. तुमच्याच मोबाइलवर टेबलाखाली गुपचूप रेकॉर्डिंग करून हिशेब चुकता करायचा विचार मनात आला असेल तर तो सोडा. जे आपल्याला खुपलं ते दुसऱ्याला करू नये, आणि काही ठिकाणी तो गुन्हाही आहे.

ते दुखावतील का? दोन घटका दुखावतील कदाचित. सवय लागलेली वस्तू हातातून काढून घेतली की कुणालाही जरा वाईट वाटतं. पण नऊ वर्षं ओळखणाऱ्या माणसाला एवढं झेपलं पाहिजे. ते "बरं" म्हणून मोबाइल उलटा करून खणात टाकतील, तर त्यांच्याकडेच जात राहा. "मग मला तुम्हाला तपासता येणार नाही" म्हणाले, तर मात्र दुसरा डॉक्टर शोधा, कारण तुमच्या नकाराला उपचाराची अट लावली की तिथे संमती शिल्लकच राहत नाही. मला वाटतं ते पहिलं करतील. तुमच्याकडे बघून ऐकताना त्यांनाही बरं वाटलं असणार.

त्यांना द्यायची चिठ्ठी हवी असेल तर ही घ्या. मी आटोपशीर लिहिली आहे, तुम्ही तुमच्या शब्दांत बदला:

"डॉक्टर, अमुक तारखेच्या माझ्या भेटीच्या नोंदीत 'मद्यपान: रोज' असं आलं आहे. मी मद्यपान करत नाही, तो उल्लेख माझ्या नातेवाइकाबद्दल होता. कृपया दुरुस्ती करावी आणि दुरुस्त नोंदीची प्रत द्यावी. झोपेची गोळी मी काही वेळा एकाऐवजी दोन घेते, हे नोंदीत आहे का ते पाहावे. रेकॉर्डिंग मला विचारण्याआधी सुरू झालं होतं. तो आवाज आणि त्याचा शब्दशः मजकूर कुठे आहे ते कळवावं आणि दोन्ही पुसावेत. यापुढे माझ्या भेटी रेकॉर्ड करू नयेत. माझा संपर्क क्रमांक बदलून सोबत दिलेला लिहावा."

त्या शेवटच्या ओळीसाठी चिठ्ठीची वाट पाहू नका. गोळ्यांसाठी फोन कराल तेव्हाच रिसेप्शनला सांगून नंबर बदला. हा दोष यंत्राचा नाही, नऊ वर्षांपूर्वीच्या त्या फॉर्मचा आहे. नंबर फक्त मेसेजपुरता नसतो. रिपोर्ट, ओटीपी, पोर्टलचा पासवर्ड, सगळं त्याच नंबरवर जातं. मेसेजमध्ये सारांश न पाठवता फक्त "नोंद तयार आहे" एवढंच कळवा, अशी सोय बऱ्याच ठिकाणी असते, तीही विचारा.

नवऱ्याबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, आणि मीही कारण नसताना संसारात शिरत नाही. पण ते मोबाइल ठेवून बाहेर गेले, त्यानंतर काय झालं ते तुम्ही लिहिलं नाहीत, त्यावरून अजून काहीच झालेलं नसावं. त्यांच्या डोक्यात आत्ता दोन गोष्टी आहेत, बायको पिते आणि पैसे लपवते. पहिली खोटी आहे. ती खोटी आहे हे सांगायला गेलात की दुसरी खरी आहे हेही सांगावं लागेल, म्हणून तुम्ही थांबला आहात, असा माझा अंदाज. दोन्ही एकाच दमात सांगा. जमलं तर भाऊ घरात नसताना, आणि तुमचे दोघांचेही मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून.

— ताई